नांगरल्या रानातली खुर्ची

लालासाहेब हवालदारांचा कुणावरच विश्वास नव्हता, आणि ही काही त्यांच्या पाठीमागची कुजबुज नव्हे. चावडीवर बसून ते स्वतःच छाती पुढे काढून सांगत. दुकानदारानं गूळ तोलायला घेतला की ते आधी रिकामी पारडी न्याहाळत. डॉक्टरनं गोळी दिली की तिचा वास घेत. पलूसजवळच्या त्यांच्या गावात लोक म्हणायचे, हवालदार देवळात गेले तर आधी देवालाच ओळखपत्र काढून दाखवावं लागतं.

वीस-बावीस वर्षं ते फौजेत सिग्नलमध्ये होते. बिनतारी यंत्रापुढे बसायचं, कानाला हेडफोन लावायचा आणि आपला कोण, परका कोण हे नुसत्या आवाजावरून ओळखायचं. संशयाची सवय तिथे लागली, असं ते सांगत. पण खरं कारण घरातलंच होतं. त्यांची धाकटी बहीण सुला जिथे दिली, त्या लोकांनी नवरदेवाचं फेफरं लपवून ठेवलं होतं. लालासाहेब तेव्हा आसामात. सुला वर्षाच्या आत माहेरी परत आली ती कायमचीच, आणि पुढे ती मोकळेपणी हसल्याचं कुणाला आठवत नाही. तेव्हापासून घरात कुठलीही सोयरीक निघाली की हवालदारांचं एकच पालुपद असे : ‘‘खोड असली तर चालंल. लपवलेली खोड चालायची न्हाई.’’

आता पाळी त्यांच्या शालनची होती. मुलगा वडूजकडचा, जोतीराम. मिरजेच्या एका मोठ्या दवाखान्यात एक्स-रे काढायचं काम करायचा. घरचं रान कोरडवाहू, पण माणसं सरळ. हवालदारांनी चार ठिकाणी चौकशी केली, पाचव्या ठिकाणी केलेल्या चौकशीचीही चौकशी केली, आणि मग कुठे सुपारी फुटली. लग्न वैशाखात धरलं. शालन तोंडानं काही बोलली नव्हती, पण त्या दिवसापासून दळण निवडताना गुणगुणायला लागली होती. बापाला तेवढ्यावरून कळलं आणि मनातून बरंही वाटलं.

आणि मग केरबा आला. सोयरीक जुळवणारा मध्यस्थ तोच, आणि गावभर बातम्या फिरवणाराही तोच. मिरजेच्या बाजाराहून तो थेट हवालदारांच्या सोप्यात येऊन टेकला.

‘‘हवालदार, वाईट वाटून घिऊ नगा. पर तुमच्या जावयाचं लक्षण मला काय बरं दिसंना.’’

‘‘काय झालं?’’

‘‘दिवसभर अंधाऱ्या खोलीत काम. त्ये ठीक हाय, नोकरीच हाय तशी. पर कामावरनं आला की दार लावून बसतोय. कानाला दोनी बाजूनं डबड्यागत काय तरी लावतोय अन् डोळं मिटून डुलतोय. म्होरं पेटी. पेटीला तांबडा दिवा. मी खिडकीतनं ह्या डोळ्यांनी बघितलं. हाक मारली तर वळून सुदीक बघितलं न्हाई.’’

दिवस आणीबाणीचे होते. कुणाला कधी उचलतील याचा नेम नव्हता, आणि पेटीसमोर हेडफोन लावून बसणारा माणूस काय करत असतो हे हवालदारांइतकं त्या तालुक्यात कुणाला ठाऊक असणार? एक तर पोरगा चोरून बिनतारी संदेश धाडत होता. नाहीतर गांजा ओढत होता. नाहीतर सरळसरळ वेडा होता. तिन्हीतलं काहीही निघालं तरी सोयरीक मोडायचीच होती, आणि एकदा सुपारी फुटून मोडलेल्या पोरीला पुन्हा कोण विचारतं, हेही त्यांना माहीत होतं. त्या रात्री शालनचं गुणगुणणं त्यांना ऐकवेना.

सकाळी ते निघाले. बनुबाई, त्यांची बायको, फाट्यापर्यंत पोहोचवायला आली. ती नवऱ्याच्या मागून कधी चालत नसे. डाव्या अंगाला, अगदी खांद्याला खांदा लावून चाले. गावातल्या बाया त्यावरून तिला चिडवत, ‘आली बगा कलेक्टरीण’ म्हणत; पण तिनं चाल बदलली नाही आणि हवालदारांनीही कधी हटकलं नाही.

‘‘आवं, त्यास्नी नीट इचारा. एकदम अंगावर जाऊ नगा,’’ ती म्हणाली.

‘‘इचारल्यावर खरं कोण सांगतंय? बघूनच येतो. वंगाळ दिसलं तर तिथंच सुपारी परत करतो.’’

बनुबाईनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात एसटी आली.

जोतीराम मिरजेत तंबोरे करणाऱ्या मोहिद्दीनच्या माडीवर भाड्यानं राहायचा. खाली पडवीत वाळत टाकलेले मोठमोठे भोपळे, लाकडाचा भुसा, चुलीवर शिजणारा सरस. हवालदार पोहोचले तेव्हा दिवस कलला होता. मोहिद्दीन उठून ‘‘या हवालदारसाब, पानी घ्या,’’ म्हणेस्तोवर ते जिना चढलेदेखील. दार नुसतं लोटलेलं होतं. त्यांनी फटीतून पाहिलं.

केरबा एका अक्षरानं खोटं बोलला नव्हता. पेटी होती, तांबडा दिवा होता. जोतीराम भिंतीला टेकून बसला होता, कानांवर हेडफोन, डोळे मिटलेले, आणि मांडीवर बोटं विचित्रच ताल धरत होती. हवालदारांनी सवयीनं तो ताल मोजला. सातावर तुटत होता. मध्येच पाचावर आला. मग पुन्हा सात. असा ताल भजनात नाही, बँडात नाही. हा ठोका सांकेतिकच असणार, याबद्दल त्यांच्या मनात शंका उरली नाही. त्यांनी धाडकन दार ढकललं.

जोतीराम दचकून उठला. हेडफोन काढला आणि आधी वाकून पाया पडला. ‘‘मामा! कळवायचं तरी. मी स्टेशनावर आलो असतो.’’

‘‘कळवलं असतं तर ह्ये बघाय मिळालं असतं व्हय? काय हाय ह्ये, पाव्हणं?’’

‘‘रेकॉर्ड प्लेयर हाय, मामा. आमच्या दवाखान्यात एक गोरा डॉक्टर हुता. कायमचा मायदेशी गेला, जाताना मला दिऊन गेला. ह्या रेकॉर्डी बी त्येच्याच.’’

पेटीत खरोखरच काळी तबकडी फिरत होती. पण हवालदार तबकडीनं फसणारे नव्हते. त्यांनी पेटी हलवून पाहिली, मागची वायर बोटानं चाचपत भिंतीपर्यंत नेली, खिडकीतून बाहेर डोकावून कुठे एरियल आहे का बघितलं. मग रेकॉर्डीचं पाकीट उचललं. वर गाणाऱ्याचा फोटो नाही, नटीचा नाही. नुसतं नांगरलेलं रान, आणि रानाच्या मधोमध एक लाकडी खुर्ची.

‘‘नांगरल्या रानात खुर्ची कुणी ठिवली?’’

‘‘म्हायती न्हाई, मामा. त्यांच्या रेकॉर्डीवर असंच काय बाय असतंय. ह्या गाण्याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणत्यात. विलायतेतली पोरं वाजवत्यात. एका बाजूला एकच गाणं हाय. वीसेक मिन्टांचं.’’

‘‘एकच? कडवी किती?’’

‘‘दोन-तीन.’’

‘‘मंग राह्यलेल्या वेळात काय करत्यात?’’

जोतीराम हसला, आणि हवालदारांचा चेहरा बघून लगेच आवरला. ‘‘मामा, जागरण-गोंधळाला बसल्यावर तुमी इचारता का, गाणं कवा संपायचं म्हणून? आदी गण हुतो, मंग कथा लागती, मधी संबळ एकटाच बोलतोय, चाल चढती, उतरती. एक गाणं न्हवं त्ये, एक रात असती. ह्ये बी तसंच धरा. पयल्यांदा ऐकलं तवा मला बी वाटलं, रेकॉर्ड बिघडली. डॉक्टर म्हणाला, तीनदा ऐक अन् मंग बोल. मी दिवसभर अंधारात लोकांची मोडकी हाडं बघतोय, मामा. संध्याकाळी ह्ये ऐकलं की डोस्कं धुतल्यावाणी हुतंय.’’

बोलणं चोख होतं. आणि चोख बोलणाऱ्यावर हवालदारांचा सगळ्यात कमी विश्वास.

‘‘ऐकवा मंग.’’

जोतीरामनं लगबगीनं कोपऱ्यातली भोंग्याची दोन खोकी पुढे ओढली. ‘‘बसा. ह्याच्यावर लावतो, मोकळं ऐका.’’

‘‘खोकी नकोत. तुमी कानाला लावला हुता त्योच द्या.’’

जोतीराम घुटमळला. ‘‘कानाला नको, मामा. खोक्यावर बरं पडंल.’’

‘‘का? माझ्या कानाला काय झालंय?’’

‘‘तसं न्हवं…’’ तो खाली बघायला लागला. हवालदारांनी मनातल्या मनात गाठ मारली : चोर सापडला. खोक्यातून एक वाजतंय आणि हेडफोनात दुसरंच येतंय. त्यांनी हात पुढे करून हेडफोन जवळजवळ हिसकावूनच घेतला.

‘माझ्या कानाला काय झालंय’ हे वाक्य त्यांनी इतक्या ताठ मानेनं म्हटलं, म्हणून इथेच सांगून टाकतो. त्यांच्या उजव्या कानाला पासष्टच्या लढाईपासून काहीही ऐकू येत नव्हतं. पंजाबच्या सरहद्दीवर शेजारी तोफगोळा फुटला तेव्हाच तो कान गेला. कळलं असतं तर सिग्नलमधून काढून त्यांना कुठल्यातरी गोदामात बसवलं असतं. तपासणीला त्यांनी डॉक्टरच्या ओठांवर नजर ठेवून वेळ मारून नेली आणि उरलेली नोकरी डाव्या कानावर काढली. ते सहज निभावलं, कारण फौजेतला हेडफोन दोन्ही कानांत एकच बोलतो. एक कान मेला तरी दुसऱ्यात सगळं येतं. घरी आले तेव्हा ‘अर्ध्या कानाचा हवालदार’ असं नाव पडू नये म्हणून तिथेही बोलले नाहीत. पुढे पुढे ती गोष्ट त्यांना लपवल्यासारखीही वाटेनाशी झाली. सुलाच्या सासरच्यांनाही कदाचित तसंच झालं असेल, पण हा विचार त्यांच्या मनाला कधी शिवला नव्हता.

हेडफोन चढवून ते मांडी घालून बसले. जोतीरामनं सुई सुरुवातीला ठेवली.

आधी माळावरचा वारा असावा तसा आवाज आला. मग एक बाजा, लांबलांब सूर धरणारा. मग ढोल, तोच सातावर तुटणारा. एक माणूस शांतपणे काहीतरी म्हणून गेला. हवालदार शिकारी कुत्र्यासारखे कान टवकारून होते. आणि अचानक बाजा विरत विरत गेला, आणि काहीच उरलं नाही. नुसती खरखर. मग काही वेळानं तोच बाजा, मधला भाग गाळून, पुढूनच सुरू झाला. पुन्हा थोडं वाजलं आणि पुन्हा शुकशुकाट.

सिग्नलच्या माणसाला याहून जास्त पुरावा लागत नाही. मजकुराच्या मध्ये असा खड्डा पडतो तो कुणीतरी मुद्दाम कापल्याशिवाय नाही. त्यांनी हेडफोन उपसून काढला.

‘‘कापलं! मधलं कापलं तुमी! काय हुतं तिथं? मला ऐकवायचं न्हवतं असं काय हुतं?’’

‘‘काय बी कापलं न्हाई, मामा. मी पेटीला हात बी लावला न्हाई.’’

‘‘मला शिकवता? उभा जल्म ह्येच्यात गेला माझा! पाव्हणं, खोड असली तर आमी पदरात घिऊ. लपवलेली घेणार न्हाई. खरं सांगा, न्हाई तर सुपारी मोडली म्हणून समजा!’’

जोतीरामचा चेहरा उतरला. तरी तो गप्पच राहिला, आणि त्याच्या त्या गप्प राहण्यानं हवालदार आणखीच पेटले. आवाज ऐकून मोहिद्दीन चहाच्या कपबशा घेऊन वर आला होता. हवालदारांनी त्यालाच पंच केलं. ‘‘मोहिद्दीनभाई, तुमचा धंदा सुरांचा हाय. तुमी ऐका. मधी बंद पडतंय का न्हाई?’’

मोहिद्दीननं चहा खाली ठेवला, हेडफोन लावला. सुई पुन्हा सुरुवातीला गेली. तो डोळे मिटून ऐकत राहिला.

‘‘बंद कुठं पडतंय, साब? चालूच हाय की. बाजा ह्या कानातनं निघून त्या कानात जातोय, अन् फिरून हिकडं येतोय. लय मजा केलीय पोरांनी.’’ त्यानं हेडफोन काढून हवालदारांच्या डोक्यावर ठेवला. ठेवताना तो उलटा झाला. वायर डावीकडची उजवीकडे आली.

जोतीराम झटकन पुढे झाला, पण तोवर मोहिद्दीननं सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली होती आणि गाणं सुरू झालं होतं.

मघाशी पहिल्यांदा जोरात वाजलेला ढोल या खेपेला कुठेच नव्हता. त्याच्या जागी एक बासरी होती, जी त्यांनी मघाशी ऐकलीच नव्हती. आणि जिथे मघा शुकशुकाट झाला होता, त्याच जागी बाजा भरभरून वाजत होता, जवळ, अगदी कानात बसून. हवालदारांनी हेडफोन काढला, नीट बघितला, सुलटा करून लावला. बासरी गेली. उलटा केला. बासरी आली.

दोन्ही कानांत वेगळं वाजू शकतं, हे फौजेनं त्यांना शिकवलं नव्हतं. पण समजायला आता शिकवण्याची गरज उरली नव्हती. मजकूर कुणी कापला नव्हता. कापलेले ते स्वतःच होते.

एवढी लाज त्यांना उभ्या आयुष्यात वाटली नव्हती. मोहिद्दीननं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा जोतीरामकडे, आणि ‘‘खाली सरस करपंल,’’ म्हणत जिना उतरून गेला.

‘‘मामा,’’ जोतीराम हळूच म्हणाला, ‘‘ह्ये बटण मला आदीच सुचाय पायजे हुतं.’’ पेटीच्या कडेला एक बटण होतं, कधी न वापरलेलं. त्यावरची धूळ त्यानं अंगठ्यानं पुसली आणि बटण फिरवलं. ‘‘आता दोनी कानात सगळं ईल. फौजेतल्यावाणी.’’

हवालदारांनी मान वर केली नाही. ‘‘घरी सांगणार तुमी? तुमच्या आईला?’’

‘‘सोयरीक शालनशी हाय, मामा. तुमच्या कानाशी न्हाई.’’

त्यानं सुई ठेवली. या खेपेला सगळं आलं. ढोल आला, बासरी आली, बाजा निघून गेला नाही. मध्ये एकदा चाल इतकी चढली की हवालदारांची मांडी आपोआप हलली. सात, मग पाच, मग पुन्हा सात, आणि त्यांच्या बोटानं जुन्या सवयीनं जमिनीवर खटका धरला. सगळंच आवडलं असं नाही. एका जागी गिटार इतकी लांबण लावत होती की त्यांना जांभई आली. पण शेवटी सगळी वाद्यं हळूहळू थांबून पुन्हा तो माळावरचा वारा एकटा उरला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. गाण्याचं होतं की लाजेचं, हे त्यांनी तपासलं नाही. तपासल्याशिवाय सोडलेली ती त्यांची पहिलीच गोष्ट असावी.

‘‘लय लांबड लावलंय,’’ ते हेडफोन काढत म्हणाले. मग पाकीट उचलून पुन्हा बघितलं. ‘‘अन् ती खुर्ची घरात न्या म्हणावं. उन्हानं तडकंल.’’

दुसऱ्या दिवशी ते परतले. बनुबाई फाट्यावरच उभी होती. नवऱ्याच्या चेहऱ्यावरून तिला काही कळेना, म्हणून ती न विचारता त्यांच्या डाव्या अंगाला लागून चालायला लागली.

उसाच्या कडेनं थोडं गेल्यावर हवालदार मुद्दाम पलीकडे सरकले, तिला उजवीकडे ठेवून. दोन पावलं चालली नाहीत तोच बनुबाई मागून वळसा घालून पुन्हा डावीकडे आली. ते पुन्हा सरकले. ती पुन्हा आली. हवालदार थांबले.

‘‘कवापास्नं ठाऊक हाय तुला?’’

बनुबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. ‘‘लढाईवरनं सुट्टीला आलासा, त्याच दिवशी. गोठ्यातनं हाक मारली, ऐकली न्हाई. दुसऱ्या अंगानं मारली, ऐकली.’’

‘‘मंग बोलली का न्हाईस?’’

‘‘वाटलं, तुमीच सांगशीला. वाट बघत राह्यले.’’

‘‘शालनला म्हाईत हाय?’’

‘‘तिनंच तर सुपारी फुटायच्या आदी हट्ट धरला. म्हणाली, आबा म्हंत्यात न्हवं, लपवलेली खोड चालायची न्हाई, मंग आपुन कसं लपवायचं? मी चुलीम्होरं बसून पोराच्या आईच्या कानावर घातलं. तिनं पोराला इचारलं. त्यो म्हणाला, सोयरीक शालनशी हाय, तिच्या बाच्या कानाशी न्हाई.’’

हवालदार उसाच्या बांधावर मटकन बसले. ते घुटमळणं, ते ‘कानाला नको, मामा’, ते ‘आदीच सुचाय पायजे हुतं’. पोराच्या तोंडावर त्यांनी सुपारी फेकायला काढली होती, आणि पोरानं खरं ठाऊक असूनही एक शब्द उलटा काढला नव्हता. म्हाताऱ्याची अब्रू जाऊ नये म्हणून स्वतः लबाड ठरायला तयार झाला होता.

मग ते म्हणाले, ‘‘लगीन ठरल्यावाणीच हुईल. केरबाला सांग.’’

‘‘त्येला काय सांगायचं? आमी कुठं मोडलं हुतं?’’ बनुबाई म्हणाली, आणि त्यांच्या डाव्या अंगाला बांधावर जागा करून बसली.